पाणी, मी आणि पंचगंगेचा पलीकडचा काठ

शुक्रवारपेठी | ४ मार्च, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय वाचून हसू नका.

वय ४४. मला पोहायला शिकायचंय. आणि शिकून झालं की एकदा तरी पंचगंगा ह्या काठावरनं त्या काठाला पोहून जायचंय. अडचण एकच, मला पाण्याची भीती वाटते. 'जराशी' वगैरे नाही. केस धुताना तोंडावर तांब्या ओतायचा झाला तरी आधी टॉवेल हातात धरून बसतो.

कारण सांगतो. सात वर्षांचं वय, मे महिना, मामाचं गाव. मामेभाऊ सगळे विहिरीत पोहायचे. पाठीला पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा आणि द्यायचं सोडून, ही तिथली शाळा. माझ्या पाठीला बिंडा बांधला, पण दोरी ढिली राहिली. मागनं कुणीतरी ढकललं. बिंडा पाण्यावर आणि मी खाली. हिरवं पाणी, वरनं येणारा उजेडाचा एक तुकडा आणि कानात नुसतं घुंऽऽ. एवढंच आठवतं. कुणीतरी केसाला धरून वर काढलं. घरी सांगायचं नाही असं ठरलं आणि त्याबद्दल मला बर्फाचा गोळा मिळाला.

आणि वडील माझे पट्टीचे पोहणारे! पूर आला की शिवाजी पुलावरनं उड्या टाकणाऱ्या पोरांत ते तरुणपणी असायचे. नंतर रोज पहाटे घाटावर. मी पायरीवर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. पलीकडं पोचले की हात वर करायचे. तिथनं ते एवढेसे दिसायचे, माझ्या करंगळीएवढे. पुढच्या वर्षी तुला नेतो, असं दर वर्षी म्हणायचे. ते जाऊन आठ वर्षं झाली.

आता २०१९ चा महापूर. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या गल्लीत गायकवाड वाड्याच्या बाजूनं पाणी शिरलं की आम्ही सामान वर चढवतो, ही सवयीची गोष्ट. त्या वर्षी सामानाबरोबर आम्हीही वर अडकलो. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी बोट आली. गॅलरीच्या कठड्यावरनं बोटीत पाय टाकायचा, बस. सत्तरीच्या सासूबाई पदर खोचून उतरल्या. अकरा वर्षांचा मुलगा उतरला. मी कठडा सोडीना. बोटीतल्या जवानानं आधी समजावलं, मग ओरडला, शेवटी वर चढून त्यानं माझी बोटं एकेक करून कठड्यावरनं सोडवली. मुलगा खालनं बघत होता. घर गेलं, फ्रिज गेला, लग्नातले फोटो गेले, त्या सगळ्याचं झालं काहीतरी. ती बोटं सोडवलेली तेवढी विसरता येत नाहीत.

तलावावर उन्हाळी बॅचचे फॉर्म मिळायला लागलेत. दोनदा आणला. दोन्ही कपाटात आहेत, कोरे. इथं कुणी मोठेपणी शिकलंय का? आधी भीती घालवायची आणि मग पाण्यात जायचं, की उलटं?

तांबडापांढरा | ४ मार्च, रात्री ११.३१

नाद खुळा! जमणार तुम्हाला. हे वीरधवल खाडेचं गाव आहे, २००८ ला बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ. पोहण्यात देशाला आशियाई पदक २४ वर्षांनी मिळालं ते आपल्या पोरामुळं. रक्तातच आहे आपल्या.

मुठेकाठी | ५ मार्च, सकाळी ७.०५

साहेब, ४४ हे काही वय नव्हे. भीती हा निव्वळ मनाचा खेळ असतो. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून 'मला पाण्याची भीती वाटत नाही' असे अकरा वेळा म्हणावे. एकवीस दिवसांत फरक जाणवेल.

शेंगचटणी | ५ मार्च, सकाळी ७.१२

आरशात पाणी नसतंय हो, मुठेकाठी.

शुक्रवारपेठी | ५ मार्च, सकाळी ९.४०

मुठेकाठी, साहेब नाही, बाई आहे. कोल्हापुरात आम्ही बायका पण 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो, लिहिताना तेच आलं. आरशाचं करून बघितलं. मुलगा म्हणाला, आई, नेटवर्क गेलंय का, कुणाशी बोलतीस?

तांबडापांढरा, भावा, वीरधवलचं नाव काढलं की मला जास्त भीती वाटते. मला चार फुटांत उभारता आलं तरी पेढे वाटीन.

निवृत्त_मास्तर | ५ मार्च, दुपारी १.१५

वय ६८. आम्ही सगळे ढकलूनच शिकलो. कोटीतीर्थ तलावावर पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, चार दिवसांनी डबा काढायचा, पाचव्या दिवशी मुटका, म्हणजे अंग मुडपून उडी. कोच नव्हते, फी नव्हती, फॉर्म नव्हते. भीतीचे लाड केले की ती अंगावर चढते. घरच्या कुणालातरी सांगा, धरून पाण्यात टाका म्हणावं. एकदाच त्रास होईल.

कृष्णाकाठ_सांगली | ५ मार्च, दुपारी १.२२

मास्तर, ढकलून शिकलेले सांगायला आहेत म्हणून पद्धत बरोबर वाटते. ज्यांचं जमलं नाही ते चाळिशीत असे धागे काढतात.

निवृत्त_मास्तर | ५ मार्च, दुपारी १.४०

बोलण्यात तथ्य आहे. विचार करतो.

बुडबुडा | ५ मार्च, रात्री ९.५०

बारा वर्षं बायकांच्या बॅचला पोहायला शिकवते. कुठं ते लिहीत नाही, जाहिरात नको. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आधी पाणी, भीती बरोबर घेऊन. ती आधी जाईल म्हणून थांबलेल्या बायका माझ्याकडं साठीला येतात.

पण ढकलाढकली नाही. पहिला आठवडा पोहायचंच नाही. घरी बादली भरायची, तोंड आत घालायचं आणि नाकातोंडानं हवा फुंकायची. बुडबुडे आले पाहिजेत. घाबरणारी जवळजवळ प्रत्येक बाई पाण्यात श्वास धरून ठेवते. आणि जीव घुसमटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो साठला की मेंदू 'श्वास घे, श्वास घे' म्हणून घाई करतो. म्हणजे दहा सेकंदांत गुदमरल्यासारखं वाटतं तेव्हा तुम्ही बुडत नसता, तुम्ही फक्त हवा सोडलेली नसते. खाली सोडा, म्हणजे वर आल्यावर घ्यायला जागा होते. पोहण्यातलं निम्मं शिक्षण हेच. हातपाय कुणीही मारतं.

दुसरं, तरंगणं. छातीत हवा असली की बहुतेकांचं अंग पाण्यावर राहतं. घाबरल्यावर आपण डोकं वर काढतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग आणखी घाबरून आणखी वर. डोकं पाण्यावर उशीसारखं टाकता आलं पाहिजे. सांगायला एक ओळ लागते, जमायला महिना.

तिसरं महत्त्वाचं. आत गेल्यावर भीती वाटली तर तडक बाहेर पळायचं नाही. चार फुटांत दांडा धरून उभारायचं, ती उतरेपर्यंत. उतरते, वेळ लागतो. पळून आलात की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि मन पुढच्या वेळी तोच रस्ता धरतं. तुमचे दोन कोरे फॉर्म म्हणजे तेच.

शेंगचटणी | ५ मार्च, रात्री १०.१५

ह्याला म्हणतात प्रतिसाद.

ताई, कॉश्च्यूमचं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. मला पाण्यापेक्षा त्याचीच भीती होती. चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंतची वीस पावलं. पूर्ण बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंतचा मिळतो आता, आणि बायकांच्या बॅचला सगळ्या आपल्यासारख्याच असतात, कुणाची सिझेरियनची खूण, कुणाचं सुटलेलं पोट. तिसऱ्या दिवशी कुणी कुणाकडं बघत नाही. सगळ्यांना आपापलं नाक वाचवायचं असतं.

शुक्रवारपेठी | ११ मार्च, रात्री १०.०५

बुडबुडाताई, बादली सुरू केली. पहिल्या दिवशी तीन सेकंद. न्हाणीत वाकून तोंड घातलं होतं, मागनं सासूबाई आल्या. "काय पडलंय गं बादलीत?" म्हणाल्या.

सांगावं लागलं मग सगळं. मला वाटलं, ह्या वयात कशाला म्हणतील. त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी भोगावती आडवी मारायचो." वीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही, मला हे माहीतच नव्हतं. नदीकाठचं माहेर, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पोरी पोहायच्या, म्हशी धुताना म्हशीच्या शेपटीला धरून पलीकडं जायच्या. लग्न होऊन पेठेत आल्या तेव्हापासून पाण्यात पाऊल नाही. मी विचारलं, का? म्हणाल्या, "कुणी नको म्हणालं नव्हतं. कुणी ये पण म्हणालं नव्हतं."

आता बादलीजवळ उभारून त्या मोजतात. आज अकरा सेकंद.

शुक्रवारपेठी | २ एप्रिल, रात्री ९.३०

अहवाल. फॉर्म भरला. खिडकीतल्या माणसानं मुलीचा जन्मदाखला मागितला. म्हटलं, मुलगी नाही, मीच. तो चष्म्यावरनं बघून म्हणाला, मग आधार कार्ड द्या.

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन क्लोरीनचा वास आला आणि परत फिरलो. वाटेत मिसळ खाल्ली. घरी सांगितलं, तलाव बंद होता. सासूबाई म्हणाल्या, "केसाला वास मिसळीचा येतोय."

दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरलो. कमरेएवढं पाणी. पाय थरथरत होते ते वरनं पाण्यातनं मोठे दिसत होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. दांडा धरून उभारलो, ताईंनी सांगितलं होतं तसं. भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो. सोळा मिनिटांनी थरथर थांबली. त्या दिवशी दुसरं काहीही केलं नाही. शेजारी सहा-सात वर्षांची एक पोरगी आईबरोबर आलेली, ती म्हणाली, "काकू, तुम्ही काय बस थांब्यावर आहे काय?"

तांबडापांढरा | २ एप्रिल, रात्री ९.३४

पेढे!!!

गगनबावडा | ३ एप्रिल, सकाळी ८.२०

सगळे टाळ्या वाजवताय म्हणून मी खडा टाकतो. तलाव वेगळा, नदी वेगळी. नदीत तळ दिसत नाही, दांडा नसतो, धार ओढते. घाटाच्या खालच्या बाजूला, जिथं जयंती नाल्याचं पाणी मिसळतं तिकडं तर जाऊच नका. अंगाला खाज सुटते, उन्हाळ्यात केंदाळ (जलपर्णी) माजलेलं असतं, पाय अडकतो. वर प्रयाग चिखलीच्या अंगाला पाणी त्यातल्या त्यात बरं, पण वाळू उपसून जागोजागी डोह झालेत. गुडघ्याएवढ्या पाण्यातनं पुढचं पाऊल डोक्यावरनं पाणी.

आणि बंधाऱ्यापासून लांब. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की वरनं पाणी आरशासारखं शांत दिसतं, पण फटीतनं खाली ओढ असते. पोहता येणारीच पोरं तिथं जातात, न येणारी कशाला जातील? भीती घालवा, पण सगळी नका घालवू.

शुक्रवारपेठी | ३ एप्रिल, सकाळी ९.००

दादा, हे लिहून ठेवलं. आमच्याकडं सगळी घालवण्याइतकी घाई नाही, साठा भरपूर आहे.

शुक्रवारपेठी | १९ एप्रिल, रात्री १०.४५

आज पाठीवर तरंगलो. कोचनं मानेखाली दोन बोटं धरली होती. "आकाशाकडं बघा, पोट वर, कान पाण्यात." कान पाण्यात गेले आणि तोच आवाज आला. घुंऽऽ. ३७ वर्षांनी, जसाच्या तसा. मी ताठ झालो, पाय खाली जायला लागले. मग बादली आठवली. हवा सोडली, परत घेतली. ऐकत राहिलो. मोटरीचा आवाज होता तो, फिल्टरच्या. आणि माझ्या श्वासाचा. विहिरीत कसला होता कुणास ठाऊक, पण आज तो मोटरीचा होता.

"बोटं कधीची काढलीत मी," असं कोच म्हणाली तेव्हा मी लगेच बुडालो, ते सोडा.

बुडबुडा | १९ एप्रिल, रात्री ११.१०

सगळ्या तेव्हाच बुडतात.

शुक्रवारपेठी | ६ मे, रात्री ८.१५

वाईट बातमी. परवा खोल बाजूला गेलो, नऊ फूट. मधे पोचल्यावर पाय टेकवायला गेलो आणि खाली काहीच नाही. शेजारनं जाणाऱ्या बाईच्या गळ्यात हात टाकला. ती पण खाली गेली. कोचनं दोघींना काढलं. त्या बाईनं कडेला बसून मला जे झापलं ते बरोबरच होतं. तिला दोन लहान मुलं आहेत.

तेव्हापासून गेलेलो नाही. पोहायला जमत नाही ह्याचं काही नाही. माझ्या भीतीनं दुसऱ्याचा जीव जाईल हे डोक्यात नव्हतं कधी. २०१९ ला बोटीतही मुलगा होता. कठडा धरून ठेवलेला तो सगळा वेळ बोट तिथं थांबली होती, पुढच्या गल्लीत माणसं वाट बघत होती. हे आता सुचतंय.

धागा बंद करावा असं वाटतंय.

निवृत्त_मास्तर | ७ मे, पहाटे ५.३०

रात्रभर झोप नाही म्हणून लिहितो. मार्चमध्ये मी इथं जे लिहिलं ते परत वाचलं.

माझ्या धाकट्या बहिणीला मीच ढकललं होतं. कोटीतीर्थावर, ती आठ वर्षांची, मी पंधरा. डबा होता पाठीला, बुडाली नाही, पण किंचाळली आणि आम्ही हसलो. ती आज ६१ वर्षांची आहे. नरसोबाच्या वाडीला सगळे नदीत स्नान करतात, ती पायरीवर बसून तांब्यानं करते. आम्ही तिची थट्टा करतो. काल तिला फोन केला. म्हटलं, तुला ते आठवतं का? ती म्हणाली, "तुला आज आठवलं व्हय?"

ताई, माझा सल्ला मागे घेतो. धागा बंद करू नका. ती रोज विचारते, त्या बाईचं काय झालं म्हणून.

बुडबुडा | ७ मे, सकाळी ७.००

गळ्यात हात टाकणं हे माझ्या बॅचला दर वर्षी होतं. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, त्यात तुमचा स्वभाव शोधू नका. त्यावर उपाय आहे, तोही शिकवायचा असतो: खोल पाण्यात उभं राहून पाय मारत एका जागी थांबणं. ते न शिकवता तुम्हाला नऊ फुटांत सोडलं, ही चूक कोचची. तिला सांगा, एका बुडबुड्यानं सांगितलंय म्हणून. मागं फिरून पाठीवर तरंगता आलं की गळा लागत नाही कुणाचा. आणि त्या बाईसाठी काहीतरी घेऊन जा.

शुक्रवारपेठी | १० मे, रात्री ९.२०

गेलो. त्या बाईसाठी खपली गव्हाची खीर नेली. तिनं डबा घेतला, हसली नाही. डबा मात्र दुसऱ्या दिवशी धुऊन परत आणला, त्यात लिंबाचं लोणचं.

कोचला सांगितलं. ती जरा फुगली. मग म्हणाली, आता आठवडाभर पाय मारत जागेवर थांबणं, तेवढंच घेऊ.

शुक्रवारपेठी | २९ मे, रात्री ८.५०

२५ मीटर. न थांबता. श्वास दोनदा चुकला, एकदा पाणी प्यालो, शेवटी भिंतीवर डोकं आपटलं कारण डोळे मिटलेले होते. सासूबाई तलावाच्या जाळीबाहेर उभारल्या होत्या. म्हणाल्या, "हात लई आपटतीस. पाण्याशी भांडाण आहे काय?"

बॅच संपली. पावसाळ्यात तलाव बंद.

शेंगचटणी | २९ मे, रात्री ९.००

मी ऑफिसच्या बसमध्ये बसून रडतेय, शेजारचा माणूस घाबरलाय.

मुठेकाठी | ३० मे, सकाळी ७.१०

अभिनंदन. आरशाचा प्रतिसाद काढून टाकता येतो का, संपादक मंडळ?

तांबडापांढरा | ३० मे, सकाळी ७.१५

राहू दे मुठेकाठी, त्यावरच तर धागा चालला.

शुक्रवारपेठी | २० ऑगस्ट, रात्री १०.३०

धागा वर काढतोय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पाण्यानं इशारा पातळी, ३९ फूट, ओलांडली. पेठेत नेहमीची हालचाल सुरू आहे. फ्रिज माडीवर गेला, गाडी नातेवाइकांकडं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, पाणी बघून येऊ. सगळं कोल्हापूर पूर बघायला जातं, कणसं खात उभारतं, मी आयुष्यात गेलेलो नाही. गेलो. घाट दिसतच नव्हता, पायऱ्या कुठल्या कुठं. मातकट पाणी, त्यात झाडाच्या फांद्या, एक प्लास्टिकची खुर्ची सरळ उभी वाहत चाललेली. पोटात गोळा आला. आला म्हणजे आलाच, खोटं कशाला सांगू. पाय मागं घेतला नाही. मुलानं माझा दंड धरला होता, थोड्या वेळानं त्यानं सोडला आणि कणीस आणायला गेला.

वडील जिथनं हात वर करायचे ती जागा शोधत होतो. पलीकडचा काठच नव्हता, शेतातनं पाणी होतं.

नदी आता बंद. कधी उतरायचं, गगनबावडादादा?

गगनबावडा | २१ ऑगस्ट, सकाळी ८.००

त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत नाव काढू नका. घाटावरच्या पणत्या विझल्या की पाणी निवळायला लागतं, धार कमी होते. प्रयाग चिखलीच्या अंगाला मी आधी जाऊन तळ बघून येतो. पुढं एक पट्टीचा, मागं एक, मधे तुम्ही, आणि कमरेला दोरीनं ट्यूब. ट्यूब नाही म्हणायचं नाही.

निवृत्त_मास्तर | २१ ऑगस्ट, सकाळी ८.१०

मागचा पट्टीचा मी. अजून तेवढा दम आहे. बहीण काठावर बसायला येणार आहे. पायरीवरच बसणार, पाण्यात नाही, असं तिनं आधीच बजावलंय.

शुक्रवारपेठी | २१ ऑगस्ट, रात्री ९.४५

ट्यूब आमच्याकडंच आहे, ट्रकची. सासूबाईंनी परवा पंक्चर काढून आणली. दुकानदाराला दुसरी पण बघून ठेव म्हणून सांगून आल्यात. मी म्हटलं, दुसरी कुणाला? तर काष्ट्याला जुनी नऊवारी कुठं ठेवलीय ते विचारत होत्या.